टोल लेनचा पैसा स्थानिक पातळीवर कसा खर्च व्हावा : व्हर्जिनियातल्या आय-६६ महामार्गाचे प्रकरण

४ डिसेंबर २०१७ च्या सकाळी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात आय-६६ महामार्गाच्या वॉशिंग्टनलगतच्या पट्ट्यावर टोल सुरू झाला. पट्टा जेमतेम १६ किलोमीटरचा. पहिल्याच दिवशी एकट्याने गाडी चालवणाऱ्याला पूर्ण अंतराचा दर साडेचौतीस डॉलरपर्यंत गेला आणि सगळी चर्चा त्या आकड्यावर अडकली. त्या पैशाचे पुढे काय करायचे, हे मात्र अकरा महिने आधीच ठरले होते. जानेवारी २०१७ मध्ये राज्याचे परिवहन मंडळ आणि उत्तर व्हर्जिनिया परिवहन आयोग यांनी ४० वर्षांचा करार केला होता. टोलचा दर रोज फलकावर दिसतो, म्हणून त्यावर बोलले जाते. खर्चाचा करार फायलीत राहतो. या प्रकरणात अभ्यासण्यासारखा भाग तो करारच आहे.

रस्ता कसा आहे

वॉशिंग्टनभोवती ‘बेल्टवे’ नावाचा रिंगरोड आहे. त्याच्या आतला आय-६६ मुख्यतः आर्लिंग्टन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) वस्तीतून जातो. त्याला स्थानिकांचा विरोध इतका तीव्र होता की जानेवारी १९७७ मध्ये तत्कालीन केंद्रीय परिवहनमंत्री विल्यम कोलमन यांनी मंजुरी दिली ती अटी घालूनच: फक्त चार लेन, जड ट्रकना बंदी, दुभाजकात मेट्रोसाठी जागा, आणि गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेने किमान चार माणसे असलेल्या गाड्यांनाच प्रवेश. रस्ता डिसेंबर १९८२ मध्ये खुला झाला. मेट्रोची ऑरेंज लाइन १९८६ मध्ये व्हिएन्ना स्थानकापर्यंत पोहोचली. कारपूलची, म्हणजे गाडीतल्या किमान माणसांची, अट पुढे तीन माणसांवर आणि १९९५ मध्ये दोनवर आली.

हा इतिहास माहीत नसेल तर टोलचा वाद नीट कळत नाही. टोल येण्याआधी गर्दीच्या तासांत, गर्दीच्या दिशेने, एकट्या चालकाला या रस्त्यावर पाय ठेवायचीच मुभा नव्हती. विमानतळाकडे ये-जा करणाऱ्यांना आणि जुन्या हायब्रिड गाड्यांना तेवढी सूट होती. टोलने एकट्या चालकाला पैसे भरून येण्याचा पर्याय दिला. पण त्याचबरोबर निर्बंधाचे तास वाढले. आधी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा असलेली वेळ आता सकाळी साडेपाच ते साडेनऊ (वॉशिंग्टनकडे) आणि दुपारी तीन ते सात (वॉशिंग्टनहून बाहेर) अशी झाली. विमानतळाची आणि हायब्रिडची सूटही गेली. सकाळी सहाला निघून फुकट जाणारा माणूस आता पैसे भरू लागला. त्याला ‘नवा पर्याय’ मिळाला नव्हता, होता तो हातातून गेला होता. स्थानिक खर्चाचा आराखडा करताना हा माणूस डोळ्यांसमोर असायला हवा. तो बहुधा पश्चिमेकडच्या लांबच्या उपनगरात राहतो आणि त्याच्या दाराशी मेट्रो नाही.

इथे टोलनाका नाही. रस्त्यावर आडव्या गँट्री, म्हणजे यंत्रे बसवलेल्या कमानी, आहेत, त्या आपल्या फास्टॅगसारखा टॅग वाचतात. टॅग नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येते. कारपूलवाल्यांना फ्लेक्स प्रकारचा टॅग घ्यावा लागतो. त्यावरचे बटण कारपूलच्या बाजूला सरकवले की टोल लागत नाही. दर साधारण दर सहा मिनिटांनी बदलतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. कारण केंद्रीय कायद्यात आहे. कारपूलच्या लेन टोल घेऊन एकट्या चालकांना खुल्या केल्या, तर ८० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर किमान सरासरी वेग ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, राखावाच लागतो. सलग १८० दिवसांच्या कालावधीत गर्दीच्या वेळांपैकी ९० टक्के वेळ हे पाळले गेले पाहिजे. गाड्या वाढू लागल्या की दर चढतो आणि काही चालक दुसरी वाट धरतात. दर वेग टिकवण्यासाठी आहे, उत्पन्न हे त्यातून निघते. हा क्रम उलटला, म्हणजे उत्पन्नाचे उद्दिष्ट ठरवून त्यावरून दर काढला, की पुढचे सगळे बिघडते.

पैसा कोणत्या क्रमाने वाहतो

करारातली पहिली पायरी टोलयंत्रणेच्या चालू खर्चाची आहे: गँट्री, बिलिंग, ग्राहकसेवा, थकबाकी वसुली, देखभाल. दुसऱ्या पायरीवर राज्याच्या टोल फिरत्या निधीतून (टोल प्रकल्पांना उसने पैसे देणाऱ्या खात्यातून) सुरुवातीला घेतलेली रक्कम परत करायची. या दोन्हींनंतर उरेल ते आयोगाने निवडलेल्या आणि राज्य मंडळाने मंजूर केलेल्या प्रकल्पांना. टोलचा दर ठरवण्यात आयोगाचा हात नाही आणि प्रकल्प सुचवण्यात मंडळाचा नाही. ही विभागणी आम्हाला योग्य वाटते. ज्याच्या हातात दराचे बटण त्याच्याच हातात खर्चाची यादी असेल, तर एखाद्या अडलेल्या प्रकल्पासाठी दर हलवण्याचा मोह होतो.

हा क्रम कागदावर साधा दिसतो, पण पहिल्या पायरीची व्याख्या सैल असेल तर तिसरीपर्यंत काही पोहोचत नाही. ‘देखभाल’ म्हणजे फक्त टोलयंत्रणेची, की बर्फ काढणे, डांबरीकरण आणि पुलांची दुरुस्तीही? ही कामे राज्य आधीपासून आपल्या पैशाने करत होते. ती टोलच्या खात्यात ढकलली तर स्थानिक निधी आटतो आणि राज्याचे तेवढे पैसे सुटतात. करार लिहिणाऱ्यांनी इथे खर्चाच्या बाबी नावानिशी मोजून लिहायला हव्यात. ‘इत्यादी’ हा शब्द या कलमात येताच कामा नये.

रस्त्याच्या रुंदीकरणाचे काय, हा मोठा राजकीय प्रश्न होता. मूळ विचार असा की आधी टोल आणि बससेवा, मग गरज दिसली तर पूर्वेकडे जाणारी जादा लेन. लांबच्या उपनगरांतल्या आमदारांना हे मान्य नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ आणि विधिमंडळ यांच्यात तडजोड झाली: पूर्वेकडच्या सुमारे साडेसहा किलोमीटरच्या जादा लेनसाठी राज्याच्या इतर निधीतून १४ कोटी डॉलरची तरतूद, आणि टोलच्या शिल्लक रकमेचा झरा स्थानिक प्रकल्पांसाठी मोकळा. ती लेन २०२० च्या शरदात वाहतुकीला खुली झाली. बांधकामाचे ओझे सुरुवातीलाच टोल निधीवर टाकले असते तर कर्जफेडीने बस, सायकल आणि बाकीचे सगळे मागे ढकलले असते. या प्रकरणातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय आम्ही हाच मानतो.

कर की शुल्क: सगळ्या यादीला बांधणारा प्रश्न

टोलचा पैसा त्या रस्त्याबाहेर खर्च करता येतो का? व्हर्जिनियात याचे उत्तर न्यायालयांतून आले. नॉरफोक-पोर्ट्समथ भागातल्या एलिझाबेथ नदीखालच्या बोगद्यांवरील टोलला आव्हान देण्यात आले, तेव्हा खालच्या न्यायालयाने टोल हा कर ठरवला होता. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला: टोल हे वापर शुल्क आहे, कारण देणाऱ्याला त्यातून विशिष्ट लाभ मिळतो, देणे त्याच्या मर्जीवर आहे आणि पैसा लाभाशी निगडित कामावर जातो. डलस टोल रोडचा पैसा सिल्व्हर लाइन मेट्रोवर खर्च करण्यालाही आव्हान मिळाले होते. तेही २०१४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात टिकले नाही. एकाच पट्ट्यातला रस्ता आणि मेट्रो हे एकमेकांचा भार हलका करतात, असा त्यामागचा विचार.

म्हणून आय-६६ च्या करारात प्रत्येक प्रकल्पाला एक चाचणी आहे: टोल भरणाऱ्याला याचा लाभ काय? उद्दिष्टे पाच आहेत. जास्त माणसे वाहून नेणे, जोडणी सुधारणे, सार्वजनिक वाहतूक चांगली करणे, रस्त्यावरची कोंडी कमी करणे आणि प्रवासाचे पर्याय वाढवणे. ही सगळी टोलदात्याच्या लाभासाठी, असे स्पष्ट लिहिले आहे. काउंटीच्या शाळेचे छप्पर, पोलिसांच्या गाड्या, उद्यान हे या चाचणीतच बाद होते. केंद्रीय कायद्याचा क्रमही याच्याशी जुळतो: कर्जफेड, खासगी भागीदार असल्यास त्याचा वाजवी परतावा, चालन व देखभाल, आणि रस्ता नीट राखला जातो आहे असे दाखवल्यावरच इतर वाहतूक कामे.

ही चाचणी केवळ वकिलांची सोय नाही. जो माणूस सकाळी पैसे भरतो त्याला सांगितले की ‘या पैशातून पाच किलोमीटर पलीकडच्या पार्क-अँड-राइडहून (गाडी लावून पुढे बस धरायच्या वाहनतळावरून) बस सुरू झाली, तुझ्यापुढच्या काही गाड्या कमी झाल्या’, तर तो मान डोलावेल. ‘यातून अमुक नगराच्या अर्थसंकल्पातली तूट भरली’ म्हटले तर त्याचा विश्वास उडेल, आणि तो उडण्याचे त्याला पूर्ण कारण असेल.

प्रकल्प कसे निवडले जातात

या कार्यक्रमाचे नाव ‘कम्यूटर चॉइस’. पहिल्या फेरीत दहा प्रकल्पांना मिळून ९८ लाख डॉलर दिले गेले. ते टोल सुरू होण्याआधीच निवडलेले होते. त्यासाठी राज्याने रक्कम आगाऊ दिली. हे महत्त्वाचे, कारण दर फलकावर झळकला त्या काळातच बदली बस रस्त्यावर दिसायला हवी होती. पैसा साठल्यावर बस आणू, असे ठरवले असते तर मधली दीड-दोन वर्षे लोकांनी नुसताच टोल भरला असता.

यादीत पश्चिमेकडच्या गेन्सव्हिलहून पेंटॅगॉनकडे जाणारी बससेवा होती, फेअरफॅक्स काउंटीच्या शासकीय संकुलापासून वॉशिंग्टनच्या मध्यभागापर्यंतची एक्सप्रेस बस होती, आर्लिंग्टनमध्ये आधीच्या मार्गावर गर्दीच्या वेळच्या जादा फेऱ्या होत्या, बस-मेट्रोच्या वेळा दाखवणारे पडदे होते आणि फॉल्स चर्च शहरात मेट्रो स्थानकांना जोडणारी सायकल भाडेसेवा होती. प्रस्ताव देण्याचा अधिकार स्थानिक काउंट्या, शहरे आणि सार्वजनिक वाहतूक संस्थांना आहे. गुण देताना किती जास्त माणसे पट्ट्यातून जातील, कोंडी किती कमी होईल, दर डॉलरमागे लाभ किती आणि अर्जदाराने स्वतःच्या प्रस्तावांना कोणता अग्रक्रम दिला, हे पाहिले जाते.

पैसा कुठल्या काउंटीत खर्च झाला यावर गुण नाहीत, आणि तसेच असावे. रस्ता आर्लिंग्टनमधून जातो पण टोल भरणारे बरेचसे लाउडन, प्रिन्स विल्यम आणि पश्चिम फेअरफॅक्समधले. प्रत्येक काउंटीला ‘आपला वाटा’ दिला असता तर आर्लिंग्टनला गरजेपेक्षा जास्त आणि गेन्सव्हिलच्या बसला कमी मिळाले असते. बस पार्क-अँड-राइडहून भरते, कोंडी १५-२० किलोमीटर पुढे कमी होते. खर्च जिथे होतो आणि लाभ जिथे दिसतो त्या दोन जागा वेगळ्या असणे हा या कामाचा स्वभाव आहे.

एका बसमार्गाचा हिशोब

खालचे आकडे कोणत्याही एका प्रत्यक्ष मार्गाचे नाहीत, हिशोबाची पद्धत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत.

पार्क-अँड-राइडहून शहराच्या मध्यभागी जाणारी बस, सकाळच्या चार तासांत दर २० मिनिटांनी, म्हणजे १२ फेऱ्या. भरलेली बस जायला ५५ मिनिटे, रिकामी परत यायला ४५ आणि मध्ये थांबा व वेळेची भरपाई म्हणून २०. एकूण चक्र १२० मिनिटांचे. १२० भागिले २० म्हणजे रस्त्यावर ६ बस. राखीव म्हणून साधारण २० टक्के धरतात. ६ चे २० टक्के म्हणजे १.२, पण अर्धवट बस विकत मिळत नाही, म्हणून २. खरेदी ८ बसची. प्रस्तावांत हमखास राहणारी गोष्ट म्हणजे डेड किलोमीटर, बसच्या रिकाम्या परतीचे अंतर. अर्जदार प्रवासी फेरीचे ५५ मिनिटेच धरतो आणि खर्च निम्म्यावर येतो. मग दुसऱ्या वर्षी ‘महागाईमुळे’ वाढीव मागणी येते. महागाई नसते, परतीची रिकामी बस असते.

सकाळ-संध्याकाळ मिळून २४ फेऱ्या, प्रत्येकी २ तास, वर्षाला २५० दिवस: १२,००० तास. तासाला १५० डॉलर धरले तर १८ लाख डॉलर. प्रत्येक फेरीत ३० प्रवासी म्हटले तर वर्षाला १ लाख ८० हजार प्रवास, ४ डॉलर तिकिटाने ७ लाख २० हजारांचे उत्पन्न. निव्वळ चालन खर्च १० लाख ८० हजार, दर प्रवासामागे ६ डॉलर. एका बसची किंमत ६ लाख डॉलर आणि आयुष्य १२ वर्षे धरले तर ८ बसचा वार्षिक भार ४ लाख. मग दर प्रवास ८ डॉलर २० सेंट. प्रवासी ३० ऐवजी २० निघाले तर हाच आकडा १४ डॉलरच्या पुढे जातो. सगळे गणित भरलेल्या आसनांवर फिरते, म्हणून मार्ग निवडताना पार्क-अँड-राइडमधली रिकामी जागा आधी मोजायची. सकाळी सातलाच भरून जाणाऱ्या पार्किंगमधून साडेसातची बस भरत नाही, मग तिचे वेळापत्रक कितीही चांगले असो.

आता लाभ. सकाळी १२ फेऱ्यांत ३६० माणसे बसली. ही सगळी ‘नवी’ म्हणून लिहिणे ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास चूक. त्यांतले ९० जण आधी मेट्रोने येत असतील आणि ५४ दुसऱ्या बसने, तर मोटारीतून आलेले २१६ उरतात. मेट्रो इथे त्याच रस्त्याच्या दुभाजकातून धावते, त्यामुळे तिचेच प्रवासी ओढले जाण्याची शक्यता मोठी. म्हणून बसमध्ये ‘ही सेवा नसती तर आज तुम्ही कसे आला असता?’ हा एकच प्रश्न सेवा सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी विचारावा आणि उत्तर पुढच्या अर्जाला जोडणे सक्तीचे करावे.

इथे आणखी एक पेच आहे. ते सगळे एकटेच गाडीत होते असे धरले आणि २१६ मोटारी कमी झाल्या तरी रस्त्याचा वेग फारसा वाढलेला दिसणार नाही. जागा मोकळी झाली की दर उतरतो आणि तेवढे एकटे चालक नव्याने आत येतात. दराचे यंत्र तेच करण्यासाठी बसवले आहे. वेग मोजून बसचा लाभ शोधणारा माणूस रिकाम्या हाती परत येतो. मोजायचे ते पट्ट्यात एका काल्पनिक छेदरेषेवरून ताशी किती माणसे पलीकडे गेली: मोटार, बस, मेट्रो आणि समांतर रस्ते, सगळे मिळून. ही मोजणी टोल सुरू होण्यापूर्वी किमान एकदा वसंतात आणि एकदा शरदात व्हायला हवी. नंतर ‘आधीची परिस्थिती’ कुणालाही तयार करता येत नाही.

कुठे बिघडते

सर्वांत घातक बिघाड म्हणजे अदलाबदल. काउंटी एका मार्गाला स्वतःचे ५ लाख देत असते. टोल निधीतून त्याच मार्गाला ५ लाख मिळतात, काउंटी आपले काढून घेते. बस तितक्याच धावतात, प्रवाशाला काही मिळत नाही, टोलदात्याला तर नाहीच. कागदोपत्री मात्र प्रकल्प यशस्वी. यावर एकच उपाय: अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचा त्या मार्गावरचा स्थानिक खर्च मागायचा आणि तो कमी झाला तर अनुदानातून तेवढी रक्कम कापायची. विनंती नको, कापणीच.

दुसरा बिघाड म्हणजे चढ-उताराच्या पैशावर कायमचा खर्च. बसचालकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, टोल मात्र रहदारीवर अवलंबून. २०२० मध्ये महासाथीने कार्यालये बंद झाली, रस्ता ओस पडला आणि आय-६६ चा टोल महसूल कोसळला. नव्या प्रकल्पांची निवड त्यानंतर फार सावधपणे करावी लागली. उलटी हालचालही झाली: डिसेंबर २०२२ पासून मोफत प्रवासाची अट दोनवरून तीन माणसांवर गेली, म्हणजे कालपर्यंत फुकट जाणारी जोडी आता टोलदाता झाली. महसूल एका नियमाने वर आणि एका रोगाने खाली जाऊ शकतो. म्हणून पुढच्या वर्षीच्या अंदाजावर वाटप न करता मागच्या वर्षी खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर करावे, आणि चालू बससेवांच्या एका वर्षाच्या निव्वळ खर्चाइतकी गंगाजळी बाजूला ठेवूनच नवा प्रकल्प घ्यावा.

शेजारच्या आय-३९५ वर नेमकी उलट रचना आहे. तिथल्या एक्सप्रेस (टोलच्या) लेन नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाल्या. त्या ट्रान्सअर्बन ही खासगी कंपनी चालवते आणि सार्वजनिक वाहतुकीसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम देते: सुरुवात १ कोटी ५० लाख डॉलर, वार्षिक वाढ अडीच टक्के. रहदारी कमी झाली तरी रक्कम येते, महासाथीतही ती जोखीम कंपनीकडे राहिली. बससाठी हे फार सोयीचे. पण अडीच टक्क्यांकडे नीट पाहावे. दहा वर्षांत दीड कोटीचे सुमारे १ कोटी ९२ लाख होतात, म्हणजे २८ टक्के वाढ. बसचा खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांत तो ४८ टक्के वाढलेला असेल. रक्कम वाढतच राहते, पण तिच्यात मावणाऱ्या फेऱ्या घटत जातात. अशा करारात वाढीचा दर बसचालनाच्या प्रत्यक्ष खर्च निर्देशांकाशी बांधण्याचा आग्रह धरावा. ठरीव टक्का दीर्घ मुदतीत नेहमी प्रवाशाच्या विरुद्ध जातो.

समांतर रस्ते हा तिसरा दुखरा भाग. टोल चुकवू पाहणाऱ्यांची पहिली नजर रूट ५० आणि रूट २९ वर जाते. तिथल्या रहिवाशांची तक्रार खरी की भीतीपोटी, हे सिग्नलवरच्या आधीच्या मोजणीशिवाय ठरत नाही. चौकात डाव्या वळणाची रांग किती मीटर लांब होते आणि सिग्नलच्या एका फेरीत ती सुटते का, एवढे जरी टोलआधी आणि टोलनंतर नोंदले तरी पुरते. रांग वाढली असेल तर त्या चौकाची दुरुस्ती टोलच्या पैशातूनच व्हावी. हा टोलदात्याचा थेट लाभ नाही म्हणून काही जण आक्षेप घेतात. पण टोलमुळेच जी गाडी गल्लीत शिरली तिची किंमत टोलच्या खात्याबाहेर ठेवणे न्यायाचे नाही.

टक्केवारी आणि त्रिज्या

लॉस एंजेलिसने वेगळी वाट घेतली. तिथे आय-११० वर नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि आय-१० वर फेब्रुवारी २०१३ मध्ये टोल लेन सुरू झाल्या. शिल्लक महसुलातून राखीव व ठरीव बाबी वजा झाल्यावर अनुदानाची विभागणी साधारण अशी: ४० टक्के सार्वजनिक वाहतूक, ४० टक्के पायी-सायकल, २० टक्के रस्ता सुधारणा, आणि प्रकल्प पट्ट्यापासून तीन मैलांच्या आत.

याचे बळ असे की लहान शहरालाही रांगेत जागा मिळते आणि पदपथ दरवर्षी मागे पडत नाही. पण टक्केवारी ठरली की त्या डब्यात चांगला प्रकल्प नसला तरी पैसा तिथेच जातो. तीन मैलांची त्रिज्या रस्त्याच्या आवाजात आणि धुरात राहणाऱ्यांना न्याय देते. ३० किलोमीटर दूर राहून रोज टोल भरणाऱ्याला मात्र देत नाही. आम्ही निवडायचे तर गुणवत्तेवर खुली स्पर्धा ठेवू आणि फक्त एक छोटा हिस्सा, सातवा-आठवा भाग, लगतच्या वस्तीच्या कामांसाठी वेगळा काढू. आवाजरोधक भिंत, स्थानकाकडे जाणारा पदपथ, रस्ता ओलांडायचा सिग्नल ही कामे माणसांच्या मोजणीत बसशी कधीच जिंकणार नाहीत, म्हणून त्यांना वेगळी जागा हवी.

कॅलिफोर्नियातलेच आणखी एक उदाहरण करार लिहिणाऱ्याने जवळ ठेवावे. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या एसआर-९१ या राज्य महामार्गाच्या खासगी टोल लेनच्या करारात शेजारचा मोफत रस्ता सुधारायला बंदी होती. कोंडी वाढत गेली, हात बांधलेले राहिले, आणि शेवटी जानेवारी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या परिवहन प्राधिकरणाला २० कोटी ७५ लाख डॉलर मोजून त्या लेन चालवण्याचा हक्कच विकत घ्यावा लागला. टोलचा पैसा स्थानिक कामावर खर्च करायचा हक्क लिहून घेताना, ते काम करायला मनाई करणारे कलम दुसऱ्या पानावर नाही ना, हे तपासायलाच हवे.

मार्ग बंद करण्याचा नियम

आय-६६ सारख्या दोन वर्षांच्या निवड-फेऱ्यांमध्ये सर्वांत अवघड बैठक तिसऱ्या फेरीची असते. तोवर पहिल्या फेरीचे मार्ग जुने झालेले असतात, त्यांचे प्रवासी मोजके पण बोलके असतात, आणि नव्या अर्जांना पैसा उरत नाही. निकष आधी लिहिले नसतील तर कुठलाच मार्ग कधी बंद होत नाही.

निकष असे असावेत. पहिले १२ महिने सवलतीचे, कारण प्रवाशाला सवय लागायला तेवढा वेळ लागतो. १८ व्या महिन्याला दर फेरीचे प्रवासी अर्जातल्या अंदाजाच्या ६० टक्क्यांखाली असतील तर वेळापत्रक बदलायची एक संधी: फेऱ्या गर्दीच्या मधल्या दीड तासात आणणे, थांबे कमी करणे, किंवा शेवटचा थांबा दोन चौक पुढे नेणे. अनेकदा मार्ग बरोबर असतो आणि पहिली बस दहा मिनिटे उशिरा सुटत असते, एवढाच दोष असतो. ३० व्या महिन्यालाही आकडा तिथेच असेल तर अनुदान थांबवायचे, प्रवाशांना ९० दिवसांची सूचना द्यायची आणि बस दुसऱ्या मार्गावर वळवायच्या. त्यासाठी बस अर्जदाराच्या नावावर असल्या तरी त्या याच पट्ट्यात वापरल्या जातील, असे कलम अनुदानपत्रात पहिल्या दिवशीच असावे. जो मार्ग अंदाजाच्या पुढे गेला, त्याचा भार मात्र पाचव्या वर्षापासून दरवर्षी पाचव्या हिश्शाने स्थानिक अर्थसंकल्पाकडे सरकावा, आणि सुटलेला पैसा ज्या उपनगरातून अजून एकही थेट बस सुटत नाही तिथल्या अर्जाला मिळावा.